गायीचा डबा

पिहूच्या बोटांना तळलेल्या आलूचा वास येत होता. दुपारी झोपताना ती आपली मूठ आईच्या गालाखाली सरकवायची, तशी तिनं आजही सरकवली, आणि डोळा लागत आलेली अश्विनी एकदम जागी झाली. तिनं हलकेच ती मूठ उघडली. एकेक बोट हुंगलं. नुसतं तेल नव्हतं ते. तव्याला लागून करपायच्या बेतात आलेली कड, जिरं, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे इकडची कोथिंबीर, आणि करंगळीच्या नखात अडकलेला एक लालसर कण. तो कण तिनं आपल्या जिभेवर ठेवला. कुरकुरला. केवढासा तो, पण दातांखाली त्याचा आवाज झाला, आणि अश्विनीला उगाच वाटलं, भिंतीपलीकडे कुणीतरी हसलं. घरात आज वरणभात होता, आणि पिहूसाठी म्हणून वेगळा, तूप-दूध घालून मऊ कुस्करलेला आलू. त्यातले दोन घास तिनं गालात धरून ठेवले होते, चिमणी-कावळा-पोपट सगळे उडवून झाल्यावर एक गिळला होता, एक ओट्याजवळ थुंकला होता. "काय खाल्लं गं बाळा?" अश्विनीनं तिच्या कानाशी विचारलं. पिहू झोपेतच होती. "अजून," एवढंच म्हणाली आणि कुशीवर वळली.

अजून. साडेतीन वर्षांत हा शब्द अश्विनीनं या तोंडून ऐकला नव्हता. नको, बस, पोट भरलं, पोटात दुखते, हे सगळे शब्द तिला पाठ होते. वाटी पुढे सरकवली की यातला कुठला येणार हे तिला पिहूच्या भुवईवरून कळायचं. अंगणवाडीच्या कार्डावर पिहूच्या वजनाचा ठिपका पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात होता, सहा महिने झाले तरी तिथंच, साडेअकरा किलो. अंगणवाडीतली बाई म्हणाली होती, उकडलेला आलू द्या, तूप द्या, वाढते वजन. तेव्हापासून रोज दुपारी एक शिटी जास्त. अश्विनी एम.ए. होती, मुलांच्या आहारावरचं जे दिसेल ते वाचायची, फोनमध्ये तिनं तक्ता करून ठेवला होता. आणि पिहूला 'अजून' म्हणायला लावणारी जी बाई होती, ती आठवीत शाळा सोडून या घरात आलेली. तिला पिहू मोठीआई म्हणायची. इकडे आईच्या थोरल्या जावेला पोरं तसंच म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. अश्विनीलाही वाटायचं नाही. म्हणजे त्या दुपारपर्यंत वाटलं नव्हतं, किंवा वाटलेलं तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं. पिहू पाचव्या महिन्यात असताना अश्विनीचं दूध आटलं. तीन दिवस पोर रडून रडून निळी पडायची. बाटली तोंडात घेईना. तेव्हा या जावेनं, जयश्रीनं, आपल्या गायीचं दूध कोमट करून, वाटी-चमच्यानं, मांडीवर आडवं घेऊन, एकही थेंब न सांडता पाजलं होतं. "घे वो माय, घे. अश्शी," म्हणत. सगळे बघत होते. नवऱ्याच्या, विनोदच्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. अश्विनीच्याही आलं होतं, आणि सगळ्यांना ते एकाच कारणाचं वाटलं होतं.

सौसरच्या त्या गल्लीत दोन्ही भावांची घरं एकाला एक लागून. मधे कमरेएवढी भिंत. पलीकडे थोरले भैय्याजी, त्यांची संत्र्याची बाग, त्यांची जयश्री, गोठ्यात एक गाय, आणि सासूबाई देवकाबाई, ज्या वाटणीच्या वेळी आपणहून तिकडे राहिल्या. जयश्रीचा मुलगा वैभव नागपूरला शिकायला, पाच फूट दहा इंच, लहानपणी म्हणे ताटंच्या ताटं खायचा. या दोन घरांत एक रीत होती. उरलेलं अन्न टाकायचं नाही, शिळं खायचंही नाही; एका स्टीलच्या डब्यात घालून भिंतीवर ठेवायचं. गायीचा डबा. संध्याकाळी जयश्री तो उचलायची, दुसऱ्या दिवशी घासून परत भिंतीवर पालथा. अश्विनीच्या आईनंही तिला हेच शिकवलं होतं, लेकराच्या तोंडी शिळं लावू नये. त्यामुळे रोज पिहूनं टाकलेला आलू, वाटीभर, कधी दीड वाटी, त्या डब्यात जायचा. डबा ठेवताना जयश्री अंगणात असली तर विचारायची, "पोट्टीनं आज बी नाही खाल्लं काय?" तिच्या आवाजात काहीही नसायचं. नुसती चौकशी. पण देवकाबाई बाजेवरून पुस्ती जोडायच्या, "गाय भल्ली जाड होऊन राहिली बापा, सूनबाईच्या आलूनं." जयश्री तोंडाला पदर लावून हसायची. अश्विनीही हसायची. हसल्याशिवाय कसं चालेल.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती वाळवण बघायच्या निमित्तानं गच्चीवर गेली. साडेअकरा झाले होते. पिहू खाली अंगणात खेळत होती, म्हणजे अश्विनी समजत होती की खेळत आहे. वरून पलीकडच्या परसातली चूल दिसायची. गॅस असूनही जयश्री दुपारचं काहीबाही बाहेरच्या चुलीवर करायची. भिंतीत एक वीट निखळलेली होती, तिच्यावर पाय ठेवून पिहू पलीकडे उतरली. इतक्या सराईतपणे, खाली न बघताच. हे आजचं नव्हतं, किती दिवसांचं होतं. जयश्रीनं वळूनही पाहिलं नाही. तिनं डबा उघडला. तो डबा. झाकणावर अश्विनीच्या लग्नात कोरलेलं नाव, वरून उन्हात चमकलं. कालचा आलू रात्रभरात आळून घट्ट झाला होता, जयश्रीनं डबा पालथा करून ठोकला तेव्हा तो अख्खा वडीसारखा परातीत पडला. तिनं त्यात मूठभर ज्वारीचं पीठ टाकलं, जिरं चोळलं, सांबार तोडून घातला, आणि ओल्या हातावर एकेक गोळा घेऊन थापत, रव्यात लोळवत, तव्यावर सोडत गेली. मग गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसली. पिहू तिच्या पाठीला लटकून होती. "मोठीआई, पलटव ना." "नाही वो बाई. हात नाही लावाचा. त्याले वाटते तेव्हा तो सोडते तवा." त्या दोघी तव्याकडे बघत राहिल्या. अश्विनी त्यांच्याकडे बघत राहिली, डोक्यावर ऊन, हातात एक पापड, जो तिनं कधी चुरून टाकला तिला कळलं नाही. पहिली टिक्की निघाली तेव्हा पिहूनं ती फुंकर न मारताच तोंडाला लावली, जयश्रीनं ओढून घेतली, फुंकून, दोन तुकडे करून दिली. कुरकुर आवाज गच्चीपर्यंत येणं शक्य नव्हतं. पण आला. तिसरी खाताना पिहू उभ्या उभ्या नाचत होती. अश्विनीनं मोजल्या. चार.

तिला सगळ्यात आधी काय वाटलं, तर चोरी. माझा आलू. मी उकडला, मी सोलला, बोटं पोळेपर्यंत मी कुस्करला, एक गुठळी राहू दिली नाही, पांढुर्ण्याहून आणलेलं तूप मी घातलं. तो मी दिला तर थुंकते, आणि तोच फिरून तिच्या हातून गेला तर चार. मग वाटलं, शिळं देते माझ्या लेकराला, गायीच्या वाट्याचं देते. हे कारण चांगलं होतं. ते घेऊन जिना उतरून भांडता आलं असतं. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली, कारण तिला दिसलं की ती भांडली तर पिहूच्या चार टिक्क्या बंद होतील, आणि ठिपका पिवळ्यातच राहील, आणि हे ठाऊक असूनही आपल्याला भांडायचंच आहे. त्या पायरीवर ती बराच वेळ उभी होती. भिंत थंड होती. खाली पिहू परत आली होती आणि तिला हाका मारत होती, "आई, भूक नाही मला, जेवायला नको," आधीच, न विचारताच.

शुक्रवारी तिनं स्वतः करून पाहिल्या. ताजे आलू आणले, ताजे उकडले, फोन डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. गरम गरम कुस्करले, गोळे थापले, तेलात सोडले, आणि सोडल्याबरोबर तिला धीर निघेना. खालून लागले असतील. कच्चे राहतील. झाऱ्याचं टोक घालून तिनं एक उचकटून पाहिला, तो फाटला. दुसरा सरळ करायला गेली, त्याचा अर्धा भाग झाऱ्याला आणि अर्धा कढईत. तेलावर पांढरा फेस चढला, आलू विरघळून खाली बसला. शेवटचे दोन बरे निघाले. "पिहू, बघ, टिक्की." पिहूनं कड चाटली. आईच्या तोंडाकडे पाहिलं. अश्विनी तिच्या तोंडाकडे पाहत होती, श्वास धरून, अगदी जवळून. पिहूनं तुकडा हळूच ताटलीत ठेवला आणि ताटली दूर न सारता हात मागे नेले, पाठीशी बांधले, आपण ताटलीला काही केलं नाही असं दाखवल्यासारखे.

विनोद पांढुर्ण्याहून सातला आला. नोकरीसाठी रोज मोटरसायकलनं जाणं-येणं, चेहऱ्यावर रस्त्याची धूळ. मोहगावच्या शाळेचं त्याच्या लक्षात होतं. अतिथी शिक्षिकेची, म्हणजे तात्पुरती, जागा, सोमवारपासून. मुख्याध्यापकांनी अश्विनीला शनिवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. पाच वर्षं ती या फोनची वाट पाहत होती. आला, आणि आठवडाभर तिनं हो म्हटलं नव्हतं. "अगं, कळवलं काय मग त्यांना?"

"पिहूचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? वहिनी हाय ना. मी काल बोललो त्यांच्याशी. त्या तर म्हणे, माह्याच जवळ राहते ती, तुमाले काऊन टेन्शन."

"तुम्ही परस्पर बोललात?"

"परस्पर काय त्याच्यात? घरातल्याच हायत. पोरगी तिकडे जेवते बी चांगली." त्यानं बूट काढता काढता सहज म्हटलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं. देवकाबाईंना, भैय्याजींना, गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही माहीत असेल. सगळं गाव तव्याभोवती बसून बघत होतं आणि ती एकटी गच्चीवर. "तू ना," विनोद म्हणाला, "पोरीच्या मागं मागं करते. तिला जरा सोडून पाहा." हेही त्यानं प्रेमानंच म्हटलं. आंघोळीला गेला.

अश्विनी ओट्याशी उभी राहिली. आजची वाटी समोर होती, पिहूनं टाकलेला, तूप घातलेला आलू. डबा उघडा. बाजूच्या सुपात वर्षाच्या तिखटासाठी निवडलेल्या लाल मिरच्या, आणि कागदावर त्यांच्या झडलेल्या बिया, पिवळट, चपट्या. तिला विचार असा आलाच नाही. हात आला. हातानं चमचाभर बिया खलबत्त्यात टाकल्या, दोनदा फिरवल्या, वाटीत पालथ्या केल्या, चमच्यानं मळल्या. पिवळट आलूत पिवळट बिया. दिसत नव्हत्या. तिनं वाटी उजेडात धरून पाहिली. पिहूच्या आलूत गुठळी राहिली का हे ती रोज अशीच पाहायची. मग मात्र विचार आले, एकामागून एक, आणि ते सगळे बिनचूक होते. उद्या शनिवार. शनिवारी जयश्री जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाते, अळणी उपास धरते, दिवे लागेपर्यंत मिठाचा कण जिभेला लावत नाही. वैभव दहावीला बसला तेव्हापासूनचा उपास. म्हणजे उद्या ती चाखून पाहणार नाही. पिहूला एकदा झोंबलं की ती रडेल, आणि रडली की लेकरू कुठं धावतं? फक्त एकदा. नंतर तव्याचं नाव काढणार नाही. मिरचीच ती, विष नव्हे. गावची पोरं ठेचा खातात. तिनं झाकण दाबून बसवलं आणि डबा भिंतीवर नेऊन ठेवला. "गायीसाठी," ती मोठ्यानं म्हणाली. "आन इकडं," जयश्री पलीकडून म्हणाली, आणि डबा घेताना तिच्या हातावर हात ठेवून, "इतकी वाळून चालली वो तू. तू तरी जेव."

रात्री दोनदा ती उठली, की डबा परत आणावा. दोनदा पिहूचा हात तिच्या अंगावर होता. हात सोडवला नाही.

शनिवारी जयश्री जामसांवलीहून उशिरा आली. कपाळावर शेंदूर. चार वाजले तरी चूल पेटली नाही, आणि अश्विनीला वाटलं, आज नाही करणार, सुटले. साडेचारला धूर दिसला. ती गच्चीवर गेली नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. साखरेचा डबा उघडून तिनं वाटीत साखर काढली, वाटी हातात धरली. पिहूचं बोलणं ऐकू येत होतं, जयश्रीचं "हो वो, हो," आणि मग तव्यावर पहिली चरचर. आता जाऊन थांबवता येईल. अजून येईल. तेल तापलं आहे, पलटायला वेळ आहे, जयश्री हात लावत नाही, त्याला वाटेल तेव्हा तो सोडेल. तिनं आकडे मोजायला सुरुवात केली, कशाचे ते ठरवलं नव्हतं. चारशेपर्यंत आली आणि पिहू किंचाळली.

ते रडणं तिला ओळखीचं नव्हतं. हट्टाचं नाही, पडल्याचं नाही. पाचव्या महिन्यातलं होतं ते. अश्विनी धावली, भिंतीच्या त्या निखळलेल्या विटेवर पाय ठेवून पलीकडे उतरली. पिहू जयश्रीच्या मांडीवर होती, ओठ लालबुंद, जीभ बाहेर, नाकातून पाणी, दोन्ही मुठींनी जयश्रीचा पदर तोंडावर घासत. "आई," ती ओरडत होती, "आई, आई," पण पदर सोडत नव्हती. "काय झालं वो हे, काय झालं," जयश्री घाबरून म्हणत होती. "काय लागलं तिले?" तिनं परातीतला तुकडा उचलला. देवकाबाई बाजेवरून ओरडल्या, "अवं उपास हाय ना तुहा!" "गेला तर गेला," म्हणत जयश्रीनं तो तोंडात टाकला. चावला. थांबली. दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी काढलं आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. एक बी होती. मग तिनं वर पाहिलं. अश्विनीच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

"साखर घेऊनच आली काय वो?"

गाय गोठ्यात फुरफुरली. अश्विनीला वाटलं, आता बोलेल, आता सगळी गल्ली ऐकेल. आणि तिला जवळजवळ बरं वाटलं. जयश्रीनं बी पदराला पुसली. वाटी तिच्या हातातून घेतली, पिहूच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. "माह्यीच चूक झाली," ती देवकाबाईंकडे वळून म्हणाली. "सकाळी मिरच्या कुटल्या होत्या, तोच हात लागला असन." "डोळे फुटले काय तुहे?" देवकाबाई म्हणाल्या. "हो ना वो आत्याबाई. फुटलेच." अश्विनी उभी होती. दोषसुद्धा तिनंच घेतला. तेवढंही हिनं माझ्यासाठी ठेवलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ते किती घाण आहे हे ती पाहत राहिली, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

ती परातीजवळ खाली बसली. तव्यावरून काढलेल्या तीन टिक्क्या शिल्लक होत्या. तिनं एक उचलली. पिहू हुंदके देत होती, तरी मांडीवरून पुढे वाकली आणि आपला चिकट हात आईच्या हातावर दाबून धरला. "नको खाऊ आई. तिखट आहे. तुला पण भाजेल." अश्विनीनं तिचा हात बाजूला केला आणि खाल्ली. आधी कड फुटली, मग आतलं मऊ, तुपाचं, तिचं स्वतःचं, मग आग. कानांपर्यंत. तिनं दुसरी घेतली. डोळे, नाक, सगळं वाहू लागलं. "अवं बस कर, मरशीन," जयश्री हळूच म्हणाली. तिसरीही तिनं संपवली. पिहू रडणं विसरून आईकडे बघत होती. तिनं वाटीत बोट बुडवलं आणि साखरेनं माखलेलं ते बोट अश्विनीच्या तोंडात घातलं. "मोठीआई, आईलापण दे ना पाणी."

जयश्रीनं गडवा आणून दिला. अश्विनी प्यायली, पुन्हा प्यायली. देवकाबाई कूस बदलून पडल्या होत्या. ऊन भिंतीवर चढलं होतं. जयश्री तवा उतरवून चूल विझवत होती. तिची पाठ इकडे होती.

"मी," अश्विनी म्हणाली. तिनं गडवा खाली ठेवला. "जयश्रीताई, मी..."

"मले माहीत हाय," जयश्री म्हणाली. वळली नाही. राखेवर पाणी शिंपडलं. वैभव लहान असताना भैय्याजींची बहीण महिनाभर राहायला यायची, तो तिच्याजवळच झोपायचा, असं काहीतरी ती सांगू लागली आणि अर्ध्यातच सोडून दिलं. मग म्हणाली, "मोहगावले कितीक वाजता निघा लागन?"

अश्विनीनं पदरानं चेहरा पुसला. कमरेला खोचलेला फोन मांडीवर काढून ठेवला. मुख्याध्यापकांचा नंबर वर होता. "साडेसातची बस आहे."

"मग सातले आनून दे तिले. झोपेतच आन, उचलून. उठली का मी पाहतो. डोयानं जातानी पाह्यलं तर लय रडते लेकरू."

पिहू आता दोघींच्या मधे जमिनीवर बसून साखरेचे दाणे एकेक करून वेचत होती.

"नाही," अश्विनी म्हणाली. "जागी करूनच आणीन. रडू दे तिला."